मित्र मोठा स्टार झालाय, त्याच्याकडे नाटकासाठी पैसे मागू का?

ताई, नमस्कार.

मी सांगलीचा, वय 41. दिवसा पतसंस्थेत नोकरी करतो, उरलेला सगळा वेळ नाटक. मागच्या वर्षी धाडस करून स्वतःचं दोन अंकी नाटक काढलं. उभं करायला साडेसहा लाख गेले. आजवर 14 प्रयोग झाले. बघून गेलेला प्रत्येक जण छान म्हणतो, पण एकदाही अर्ध्याच्या वर नाट्यगृह भरलेलं नाही. एका प्रयोगाचा खर्च साधारण 78,000 आणि बुकिंग 51,000 च्या आसपास. बायकोच्या बांगड्या गहाण आहेत. लाईट ऑपरेट करणाऱ्या पोराची सहा प्रयोगांची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, थकलीय. तो एका शब्दाने मागत नाही, त्याचंच जास्त लागतं.

कॉलेजात माझ्याबरोबर एकांकिका केलेला एक मित्र आज हिंदी सिनेमा आणि वेबसिरीजमधलं मोठं नाव आहे. प्रत्येक मुलाखतीत ‘मी मूळचा रंगभूमीचा’ म्हणतो. आमच्या ग्रुपचं म्हणणं, त्याच्या एका जाहिरातीच्या पैशात आपली दहा नाटकं उभी राहतील, त्याने द्यायलाच हवेत. बायको म्हणते, कुणापुढे हात पसरू नका. मला दोन्ही बाजू पटतात आणि झोप लागत नाही. त्याच्याकडे पाच लाख मागू का? आणि अशा पैसेवाल्या कलाकारांनी अडचणीतल्या नाटकांना मदत करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे का?

– एक निर्माता, सांगली

*

प्रिय मित्रा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि सोबतचा हिशेबाचा कागद त्याहून जास्त वेळा. 27 वर्षं मी एका नाट्यसंस्थेची व्यवस्थापक होते. पहिला अंक सुरू झाला की ड्रेपरीच्या, म्हणजे नटांच्या कपड्यांच्या, ट्रंकेवर बसून मानधनाची पाकिटं भरायची, हे माझं काम. नटांची पाकिटं आधी, मग मेकअपमन, ड्रेपरीवाला, संगीत, लाईट, आणि सगळ्यात शेवटी सेट लावणारी पोरं. ज्या दिवशी बुकिंग पडलेलं असे, त्या दिवशी पैसे कुठपर्यंत पुरतात ते मला नावानिशी ठाऊक असायचं. कमी पडायचे ते नेहमी ट्रंकेच्या त्या टोकाला. म्हणून तुमच्या पत्रातलं बाकी सगळं बाजूला राहिलं आणि तो न बोलणारा पोरगाच डोळ्यांपुढे आला. त्याच्याकडे येते मी शेवटी.

तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. अपेक्षा चुकीची नाही. ज्यांना सिनेमाने भरभरून दिलं आणि जे तिथवर नाटकाच्या जोरावर पोचले, त्यांनी नाटकासाठी पैसे काढावेत असं मला मनापासून वाटतं. तो तुमचा मित्र एकांकिका करत होता तेव्हा कुणीतरी विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करत होतं, कुणीतरी घरून इस्त्री आणत होतं, कुणीतरी शाळेच्या शिपायाच्या हातापाया पडून तालमीला वर्गाची किल्ली मिळवत होतं. त्यातल्या कुणालाही दमडी मिळाली नव्हती. त्या फुकटच्या श्रमांवर त्याचा आवाज तयार झाला, उभं राहणं तयार झालं. हे ऋण आहे आणि ते फेडायची ऐपत आता त्याच्याकडे आहे.

पण हे ऋण तुमच्या नाटकाचं नाही. इथे तुमचा ग्रुप चुकतोय. ‘त्याच्याकडे आहेत म्हणून त्याने आपल्याला द्यावेत’ या वाक्यात ‘आपल्याला’ हा शब्द परस्पर घुसलाय. त्याने रंगभूमीला द्यावं हे खरं. रंगभूमी म्हणजे तुमचा पंधरावा प्रयोग, हे कुणी ठरवलं?

तुम्ही सांगलीचे, म्हणून तुमच्याच गावची गोष्ट काढते. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. राजाने सांगितलं, राजाने खर्च उचलला, नाटक झालं. त्या 5 नोव्हेंबरला आपण आजही रंगभूमी दिन साजरा करतो. 1851 मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रयही गेला. भाव्यांच्या हाताशी मंडळी होती, सोंगं होती, आणि पाठीशी कुणी नव्हतं. तेव्हा ते बिऱ्हाड घेऊन बाहेर पडले, आणि 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. सांगलीच्या नाटकाला आठ-दहा वर्षांतच हे उमजलं होतं की आश्रयदाता माणूस असतो, आणि माणसाचा भरवसा त्याच्या आयुष्यापुरता. पुढे मराठी नाटक जगलं ते तिकीटखिडकीवर.

आता दुसरी गोष्ट, कारण ‘पैसेवाल्या कलाकाराने नाटकात पैसे घालावेत का’ याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. पृथ्वीराज कपूरांनी 1944 मध्ये पृथ्वी थिएटर्स ही फिरती नाटक कंपनी काढली. सिनेमातून मिळवायचं आणि इथे घालायचं, असं त्यांनी 16 वर्षं केलं. एवढा मोठा नट प्रयोग संपला की दाराशी झोळी पसरून मान खाली घालून उभा राहायचा, आणि बाहेर पडणारे प्रेक्षक त्या झोळीत पैसे टाकायचे. (तुमच्या पत्नीला हे जरूर सांगा. हात पसरण्यात कमीपणा असता तर पृथ्वीराजांनी तो पसरला नसता.) तरीही 1960 मध्ये कंपनी बंद करावी लागली. तब्येत साथ देईना, आणि एका माणसाच्या कमाईवर एवढा मोठा संसार किती वर्षं ओढणार?

पुढे त्यांच्या मुलाने, शशी कपूरने, वेगळी वाट धरली. तोही सिनेमातून मिळवत होता, पण त्याने आणि त्याच्या पत्नीने, जेनिफर केंडलने, जुहूला नाट्यगृह बांधलं. लहानसं, दोनशेच्या आसपास खुर्च्यांचं, नट श्वास घेतो तेसुद्धा ऐकू येईल असं. 1978 च्या 5 नोव्हेंबरला ते उघडलं, म्हणजे आपल्याच रंगभूमी दिनी. पहिलं नाटक होतं गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीतून. त्या रंगमंचावर तेव्हापासून किती संस्थांनी, किती नवख्या पोरांनी पाय ठेवला! शशी कपूर गेले, जेनिफर तर त्यांच्या कितीतरी आधी गेल्या, आणि आजही संध्याकाळी तिथे घंटा होते.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, हेही तसंच. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते आगीत होरपळलं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री. ज्यांनी त्या रंगमंचावर एकदाही काम केलं नव्हतं, अशी माणसंसुद्धा त्या रात्री रडली. एखाद्या नाटकाचे प्रयोग थांबले म्हणून इतकी माणसं रडलेली मी पाहिली नाहीत.

म्हणून माझं मत असं बनलंय: श्रीमंत कलाकाराचा पैसा नाटकाखालच्या जमिनीत जावा. तालमीची जागा, लहान नाट्यगृह, लाईटचं सामान, बॅकस्टेजच्या माणसाचा दवाखाना, नव्या लेखकाला सहा महिने घरी बसून लिहिता येईल एवढी तजवीज. नाटक कसं आहे ते प्रेक्षक ठरवेल. ते नाटक करायला जागाच नाही, हे मात्र प्रेक्षकाला सुधारता येत नाही.

आता तुमचा कागद. पाच लाख मिळाले असं धरून चला. प्रत्येक प्रयोगाला तुमची तूट 27,000. पाच लाखांत ही तूट 18 वेळा भरून निघेल. एकोणिसाव्या प्रयोगाला तुम्ही पुन्हा इथेच उभे असाल, फक्त तेव्हा एक मित्र कमी असेल.

हे मी अनुभवाने सांगतेय. आमच्या संस्थेचं एक नाटक असंच चांगलं होतं आणि चालत नव्हतं. सिनेमातला एक नामवंत नट बघायला आला, भारावला, आत येऊन सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि चार दिवसांनी त्याचा तीन लाखांचा चेक आला. त्या काळात तीन लाख! आम्ही काय केलं? मोठ्या जाहिराती दिल्या, मिळतील त्या तारखा घेतल्या, कामाच्या दिवसाच्या दुपारीसुद्धा प्रयोग लावले. 22 प्रयोगांत पैसे संपले. प्रेक्षक होता तेवढाच राहिला, कारण नाटक कुणापर्यंत पोचत नाहीये याचा विचार आम्ही हातात पैसे आल्यामुळे पुढे ढकलला होता. नाटक बंद केलं हे त्या नटाला सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही. त्याने पेपरातून वाचलं असेल. पुन्हा तो आमच्या कुठल्याच प्रयोगाला आला नाही. त्याचा दोष शून्य. चांगल्या मनाने दिलेला पैसा आम्ही वाया घालवला, हे मला अजून बोचतं.

म्हणून फोन करण्याआधी 27,000 चं काहीतरी करा. तुमच्या कागदावर दोन ओळी मला खुपल्या. सेटचा टेम्पो 8,000. तुमच्या नाटकात एक खोली आणि एक खिडकी आहे, तुम्हीच लिहिलंय. नेपथ्यकाराला बोलवा आणि विचारा, हा सेट घडी होऊन बसच्या डिकीत बसेल असा करता येईल का? ठोकळे उंच आहेत म्हणून टेम्पो लागतोय, नाटकाला गरज आहे म्हणून नाही, असं मला कागदावरून दिसतंय. दुसरी ओळ जाहिरातीची, 14,000. सांगली-मिरजेत पेपरातल्या चौकोनाने नाटकाला माणूस येत नाही, आलेल्या माणसाने चार जणांना सांगितल्यावर येतो. त्यातले 4,000 कमी करा. खर्च 66,000 वर आला. तिकीट तुमचं 300 चं, म्हणजे आज 170 जण येतात. आता फक्त 50 माणसं जास्त हवीत.

पाच लाख ऐकून छातीत धस्स होतं. 50 माणसं म्हटल्यावर कामाला लागता येतं. दोन महाविद्यालयं, एक बँकेचं स्टाफ मंडळ, एक महिला मंडळ, डॉक्टरांची संघटना. प्रत्येकाकडे स्वतः जा, फोनवर भागवू नका. एखाद्या कला मंडळाने पूर्ण प्रयोग ठरावीक रकमेला घेतला तर त्याहून उत्तम, त्यात बुकिंगची धास्तीच राहत नाही. पुढच्या चार रांगांचं तिकीट वाढवायचं मनात असेल तर वाढवा. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही.

हे करून बघितलं आणि पुढच्या पाच प्रयोगांतही माणसं आली नाहीत, तर नाटक थांबवा. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण थांबवा. चांगली नाटकंही पडतात. बांगड्या परत येऊ शकतात, संसारातला विश्वास गेला तर तो सोडवून आणायला कुठलं दुकान नाही.

आता मित्राकडे जायचं. जा. नक्की जा. पण पाच लाखांचा खड्डा घेऊन जाऊ नका. त्याच्याकडे एक संध्याकाळ मागा.

तुम्हाला सामाजिक कृतज्ञता निधी माहीत असेल. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले ही त्या वेळची बिनीची नटमंडळी ‘लग्नाची बेडी’ घेऊन गावोगाव फिरली. नावं एवढी मोठी की नाट्यगृहं भरायचीच. जमलेला पैसा निधीत गेला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. नटांनी तिथे दिल्या त्या तारखा. शूटिंगच्या रगाड्यातून काढलेल्या, प्रवासाच्या, घाम गाळलेल्या तारखा. मला त्या चेकपेक्षा मोलाच्या वाटतात.

तर तुमच्या मित्राला म्हणा, सांगलीत एक संध्याकाळ ये. ज्या एकांकिकेत आपण होतो तिचं वाचन करू, मग तू गप्पा मार, प्रश्नांना उत्तरं दे. तिकीट लावू. जमेल ते सांगलीच्या बॅकस्टेज कलाकारांच्या निधीत. तुमच्या निर्मितीच्या खात्यात एक रुपया नको. हे वाचताना तुमचा चेहरा पडला असेल, कळतं मला. पण बघा, या निधीतून तुमच्याच लाईटवाल्याला, सेटवाल्याला पडत्या काळात आधार मिळेल, आणि तुमच्यानंतर जो वेडा नाटक काढेल त्याच्या माणसांनाही. आणि तुमच्या त्या मित्राला ‘मी मूळचा रंगभूमीचा’ हे मुलाखतीबाहेर, एका खऱ्या नाट्यगृहात, सिद्ध करायची संधी मिळेल. मला वाटतं त्याला ती हवी असेल. पैसे मागणारे त्याला रोज भेटत असतील. ‘स्टेजवर ये’ म्हणणारे किती भेटत असतील?

त्याला नाटक आवडलं आणि तोच म्हणाला, मी पैसे घालतो, तर? तर त्याला सहनिर्माता करा. मुक्ता बर्वेने आपल्या दिवंगत मैत्रिणीच्या, रसिका जोशीच्या, नावाने निर्मितीसंस्था काढून नाटकं केली. प्रिया बापटने ‘दादा, एक गुड न्यूज आहे’च्या निर्मितीत उतरून स्वतःचं नाव आणि जोखीम दोन्ही लावली. पडद्यावर कमावलेली ओळख रंगभूमीच्या कामी आणायचा हा मला सगळ्यात सन्मानाचा मार्ग वाटतो, कारण त्यात कुणी दाता नाही आणि कुणी याचक नाही. दोघंही एकाच बुकिंगकडे डोळे लावून बसतात. फक्त सगळं कागदावर आणा: त्याचे किती, तुमचे किती, नफा आला तर वाटणी कशी, तोटा झाला तर कुणाचा, आणि नट बदलायचा अधिकार कुणाला. या शेवटच्या मुद्द्यावरून मी सख्खे भाऊ बोलायचे थांबलेले पाहिलेत.

नुसती भेट म्हणून पैसे देत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की नात्यात नसलेल्या माणसाकडून वर्षभरात मिळालेली भेट 50,000 च्या वर गेली तर ती पूर्ण रक्कम तुमचं उत्पन्न म्हणून करपात्र ठरते. त्यापेक्षा तुमच्या मंडळाची रीतसर नोंदणी करा, देणगीदाराला आयकरात सवलत मिळेल अशी. नोंदणी झाली आणि अशा कामाची तीन वर्षं पूर्ण झाली की सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाचं, दारही उघडतं, कारण कंपन्यांनी ज्या कामांवर तो पैसा खर्चायचा त्या यादीत कला आणि संस्कृती आहे. मात्र तो एका नाटकाची तूट भरायला मिळणार नाही. वर्षभराच्या शिबिराला, तालमीच्या जागेला मागा. एखाद्या चांगल्या सीएला दोन तास द्या, तो नीट सांगेल.

आणि समजा, त्याने फोनच उचलला नाही. किंवा उचलून ‘बघतो’ म्हणाला आणि पुढे काहीच झालं नाही. तर ग्रुपवर त्याच्याविषयी एक अक्षर लिहू नका, दुसऱ्यांनाही लिहू देऊ नका. तो किती जणांचं काय करतोय ते आपल्याला दिसत नसतं. कित्येक कलाकार बॅकस्टेजच्या माणसांच्या मुलींच्या फिया भरतात आणि त्याचा फोटो कुठेच येत नाही, हे मी पाकिटं भरण्याच्या त्या जागेवरून पाहिलंय. मागणं तुमच्या हातात, देणं त्याच्या. नकार पचवायची तयारी नसेल तर फोन करू नका.

तुमच्या पत्नीशीही एकदा नीट बोला. त्यांचा विरोध मागण्याला नसावा असं मला वाटतंय. बांगड्या गहाण ठेवताना त्यांना विचारलं होतं का? पत्रात तुम्ही ‘गहाण आहेत’ एवढंच लिहिलंय, कुणी ठेवल्या ते लिहिलेलं नाही. हिशेबाचा कागद तुम्ही मला पाठवलात. त्यांना दाखवलाय का? नसेल तर आज रात्री जेवण झाल्यावर तो ताटांच्या जागी पसरा आणि टेम्पोची ओळ त्यांनाच वाचायला सांगा.

राहिला तो लाईटचा पोरगा. तुमच्या कागदावर त्याची नाईट 800 लिहिलीय. सहा प्रयोगांचे 4,800. दोन तास अंधारात उभं राहून तुमच्या नटांचे चेहरे तो उजळतो. मित्राचा नंबर शोधण्याआधी, नेपथ्यकाराला बोलावण्याआधी, उद्या पतसंस्थेतून निघालात की सरळ त्याच्या घरी जा. पैसे पाकिटात घाला, वर त्याचं नाव लिहा, हातात द्या आणि उशीर झाला म्हणून माफी मागा. तुमच्या मित्राचा पहिला प्रश्न ‘बॅकस्टेजच्या पोरांचं काय चाललंय’ असा असू शकतो. तोही कधीतरी विंगेत उभा होता.

तुमची,
ताई